सलामी न देता

परवा एक मुलगी घरी आली होती. शाळेत व्यायाम शिकवते म्हणे. माझ्या पाठीकडं बघून म्हणाली, "आजी, या वयात तुम्ही इतक्या ताठ कशा बसता? आम्हाला तालमीच्या मेहनतीचे फायदे सांगा ना." फायदे! मी तिला काहीबाही सांगितलं, चहा पाजला आणि वाटेला लावलं. खरं सांगायचं तर मला त्या दिवसांबद्दल बोलायचं म्हटलं की आधीच थकायला होतं. आता लिहायला बसले आहे तेही थांबत थांबतच होणार.

तेव्हा सोलापुरात दिवस उजाडायचा तो गिरणीच्या भोंग्यावर. कोंबडा आरवला काय नि न आरवला काय, कुणी विचारत नव्हतं. माझे मालक मागाच्या खात्यात होते. सूत तुटू नये म्हणून त्या खात्याच्या खिडक्या बंद ठेवायचे आणि आत दमट हवा सोडायचे. सुताची काळजी होती, माणसाची कुणाला! कापसाची बारीक लव नाकातोंडातनं छातीत जायची. लग्नानंतर थोड्याच वर्षांत मालकांची छाती पार गेली. अंगणापासून उंबऱ्यापर्यंत आले तरी भिंतीला धरून उभं राहायचे. मग घरात सासूबाई, खोकणारे मालक आणि चूल. आणि चुलीसाठी मी. मी गिरणीत लागले.

मला वाइंडिंगमध्ये घेतलं. लहान कांड्यांवरचं सूत मोठ्या रिळांवर चढवायचं, तुटलं की गाठ मारायची, दिवसभर. बसायची सोय नाही. संध्याकाळी पायांवर अशी सूज यायची की जोडवी रुतायची. पाठीत उसण भरायची ती भाकऱ्या थापताना कळायची. घरी येऊन पडावं म्हटलं तर पडता कुठं येतंय? नुसता जीव कावून गेला होता. आमच्या ओळीतल्या बायकांत काही तेलुगू बोलणाऱ्या होत्या, त्या त्यांच्या भाषेत कण्हायच्या, आम्ही आमच्या.

तेही चाललं असतं. गरिबाच्या घरी पाय सुजतातच. पण आमच्या खात्याला मुकादम होता. कोणाला चांगलं सूत द्यायचं, कोणाला तुटकं, हे त्याच्या मर्जीवर. तुटक्या सुताची पेटी वाट्याला आली की दिवसभर गाठी मारत बसा, रीळ काही भरत नाही, आणि रीळ भरलं नाही की दुसऱ्या दिवशी आपल्या जागी घ्यायला फाटकाबाहेर बदलीवाल्या उभ्याच असतात. ही मर्जी सांभाळायची म्हणजे काय करायचं, ते त्यानं मला पहिल्या महिन्यातच सुचवलं. रिकाम्या पेट्यांची एक खोली होती, तिकडं ये म्हणाला. मी गेले नाही. झालं, तुटकं सूत माझ्या नशिबी. पुढं पुढं तो गिरणी सुटल्यावर भिंतीकडेच्या बोळातनं माझ्या मागनं चालायला लागला. इतका जवळनं की त्याच्या विडीचा वास यायचा. तो बोळ टाळावा तर घराला दुसरी वाट नव्हती, आणि गिरणी सोडावी तर घरात तीन माणसं उपाशी. मी कुठं अडकले होते हे आता कळलं असेल.

माझ्या माहेरी मात्र सगळ्या पेठेला धाक बसेल असा माणूस होता. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. ते घराला लागूनच असलेल्या तालमीचे वस्ताद. कुस्ती शिकवायचे, पण त्यांचं खरं नाव होतं ते काठी आणि दांडपट्ट्यात. मोहरमच्या सवारीपुढं असो की गणपतीच्या मिरवणुकीत, त्यांचा पट्टा फिरायला लागला की हिंदू-मुसलमान सगळेच मागं सरकून जागा करून द्यायचे. आई लवकर गेली, मुलगा नाही, मी एकटीच. पण तालमीत बाईनं पाऊल टाकायचं नाही, असा दंडक होता. आत मारुती आहे ना! लहानपणी आखाड्याची माती मीच चाळायची, परसात बसून, खडा न् खडा वेचून. ताक, तेल, हळद मीच कालवून द्यायची. आणि माती तयार झाली की घमेलं दारात ठेवून मागं फिरायचं. माझ्या हातची माती आत जायची, मी नाही. याचा राग मला तेव्हापासून होता, खोटं कशाला बोलू.

एके दिवशी गिरणी सुटल्यावर घरी न जाता मी आप्पांकडं गेले आणि परसात उभी राहून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते पट्टा घेऊन गिरणीवर धावतील. ते जागचे उठलेसुद्धा नाहीत. मग म्हणाले, "मी येऊन त्याला बडवलं तर तू उद्या कामावर जाशील व्हय?"

"कोण घेईल मला?"

"मग माझा काय उपेग?"

"तुमचा न्हाई. मला शिकवा," मी म्हटलं. "पोरांना शिकवता तसं."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी मारुतीच्याच पाठीवर बसायला मागतेय. पण नाही म्हणाले नाहीत. उठले, तालमीचं ठेंगणं दार ओढून घेतलं आणि म्हणाले, "हितं परसात. आत न्हाय. कासोटा घट्ट मार."

दिवे लागायच्या आत जेवढा उजेड असेल तेवढाच आमचा वेळ. आणि काय शिकवलं म्हणता? नुसतं उभं राहायला! एक पाय पुढं, एक मागं, गुडघे किंचित मोडलेले, त्याला ते पवित्रा म्हणायचे. बास. मी दिवसभर उभी राहून आलेली, आणि हा माणूस मला आणखी उभी करतोय. मला रडू यायचं. मी म्हणायची, "आप्पा, उभं राहण्यासाठी मला गिरणी पुरं हाय की!" ते म्हणायचे, "गिरणीत तू उभी न्हाय ऱ्हात, लोंबकळतीस. वजन कुटं हाय तुझं? टाचेवर. घोट्यावर सूज येणार न्हाय तर काय हुईल?" मग श्वास. नाकानं घ्यायचा, पोटात न्यायचा, वार करताना सोडायचा. मग बैठका. पहिल्या दिवसांत तर घराच्या पायऱ्या चढताना मी सासूबाईंच्या देखत चक्क रांगले. त्या म्हणाल्या, "गिरणी बरी की माहेर बरं, एकदा ठरव बाई."

पण खोटं बोलणार नाही, फरक पडला. कधी पडला ते कळलंही नाही. एक दिवस लक्षात आलं की जोडवी सैल फिरतायत. यंत्रापुढं मी पवित्र्यात उभी राहायला लागले होते, कुणाला न कळता, आणि दर थोड्या वेळानं पाय बदलायची. पाठीची उसण गेली. झोप लागायला लागली. थकवा तसाच होता, तो काय जातोय, पण आधी मी भिजलेल्या पोत्यासारखी घरी यायची, आता चालत यायची. मालकांना मी तो पोटातला श्वास शिकवला. त्यांची छाती काही परत आली नाही, पण खोकल्याची उबळ आली की घाबरेघुबरे व्हायचे ते जरा कमी झालं. त्या पोरीला हेच फायदे हवे असतील तर हे घ्या.

त्यानंतर आप्पांनी हातात काठी दिली. बाभळीचा हातभर दांडका, त्यांनी स्वतः तासलेला. भाकरीच्या फडक्यात गुंडाळला की कुणाला दिसायचा नाही. त्यांनी मला वार शिकवले, डोक्याचा, कानशिलाचा, मनगटाचा, गुडघ्याचा. आणि प्रत्येक वेळी सुरुवातीला सलामी. खाली वाकून मातीला हात लावायचा, तो कपाळाला न्यायचा, मगच काठी उचलायची. मी कंटाळा केला की ओरडायचे, "सलामी न देता काठी उचलतो तो गुंड. आपन गुंड न्हाय." आणि वार अंगाला लागू द्यायचा नाही, चार बोटं अलीकडं थांबवायचा. समोर आप्पाच असायचे, तेव्हा ते मला बरंच वाटायचं.

तर असे महिने गेले, आणि एका शनिवारी संध्याकाळी बोळात मुकादमानं माझं मनगट धरलं.

पुढं-मागं आमच्याच खात्यातल्या बायका चालल्या होत्या. मी मनगट झटक्यानं फिरवलं, अंगठ्याच्या बाजूनं, शिकवलं होतं तसं, आणि हात सुटला. तो चकित झाला. मी दोन पावलं मागं सरले, फडक्यातनं दांडका काढला, पवित्रा घेतला. आतापर्यंत सगळं बरोबर. माझी छाती धडधडत नव्हती, श्वास पोटात होता. मला आतनं वाटत होतं, आज सुटले मी. आणि मग मी काय करावं? मी वाकले. अहो, सलामी द्यायला वाकले! डोक्यात काही विचारच नव्हता, अंगानंच केलं. खाली वाकून, त्या बोळातल्या धुळीला हात लावून तो कपाळाला नेला.

त्याचे पाय माझ्यासमोरच होते. त्याला वाटलं मी त्याच्या पाया पडतेय. त्यालाच काय, सगळ्या बायकांना तसंच वाटलं. तो मोठ्यांदा हसला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "राहू दे, राहू दे. बघा गं, वस्तादाची पोर पाया पडतीय! आता सोमवारपासनं चांगलं सूत हिलाच. पेट्यांच्या खोलीत ये, तुझ्या हातानं निवडून घे." आणि गेला की निघून! मी दांडका हातात घेऊन तशीच वाकलेली. एकजण माझ्या जवळनं जाताना पुटपुटली, "शेवटी गेलीसच व्हय गं तूपण."

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. मालक भिंतीकडं तोंड करून पडले होते. "पाया पडलीस व्हय त्याच्या?" एवढंच विचारलं. मी सलामीचं सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण विश्वास ठेवला की नाही ते मला आजही माहीत नाही. विचारायचं त्राण नव्हतं.

रविवारी गिरणीला सुट्टी होती, म्हणून वाचले. सकाळीच आप्पांकडं गेले आणि दांडका त्यांच्यापुढं टाकला. तळपायाची आग मस्तकाला गेली होती. "घ्या तुमची सलामी!" म्हटलं. "गुंड न्हाय म्हने आपन! त्यो गुंड हाय त्याचं काय? उद्या त्यो मला खोलीत बोलावनार, आणि मी गेले न्हाई तर लोक म्हननार, परवाच तर पाया पडली!" असं बरंच काही बोलले. बापाला बोलू नये ते बोलले. आप्पांनी एक-एक करून सगळं विचारून घेतलं, मी कुठं उभी होते, तो कुठं होता, डोक्यावर हात कसा ठेवला, काय म्हणाला. मग परसात फेऱ्या मारत राहिले. तालमीतली पोरं आली, त्यांना परत पाठवलं.

शेवटी थांबले आणि म्हणाले, "चूक माझी हाय. मी तुला खेळ शिकवला. उचल काठी. सलामी न्हाय."

या माणसानं जन्मात सलामीशिवाय काठीला हात लावला नव्हता.

"वार कर. आणि थांबवू नको." त्यांनी उजवा हात आडवा माझ्यापुढं धरला.

"आप्पा, डावा तरी धरा."

"समोरचा मानूस उजवाच हात पुढं करतो. त्याच्यावरच सवय पायजे. मार."

मी मारलं. काठी चार बोटं अलीकडं थांबली. पुन्हा मारलं, पुन्हा थांबली. मी थांबवत नव्हते हो, ती थांबत होती. महिनोन्‌महिने तेच तर घोटून घेतलं होतं त्यांनी. आप्पा ओरडले, शिव्या दिल्या, मला भित्री म्हणाले, आईवरनं बोलले. काही उपयोग नाही. माझे हात भरून आले, मी म्हटलं, "बास आता, न्हाई जमत, गिरणी सोडते." आणि खरंच मला त्या क्षणी सोडायचीच होती. किती दमायचं माणसानं? सगळं सोडून तिथंच मातीत आडवं व्हावं असं वाटत होतं.

तेव्हा आप्पा जवळ आले. त्यांनी माझ्या डोक्यावर उजवा हात ठेवला, थोपटलं आणि हसून म्हणाले, "राहू दे, राहू दे."

तोच शब्द, तसंच हसणं. माझ्या डोळ्यापुढं बोळ आला. काठी केव्हा फिरली मला कळलं नाही. आवाज मात्र ऐकला, बाभळीचा ओला फाटा मोडावा तसा.

आप्पा खाली बसले. तोंड पांढरंफटक पडलं होतं, कपाळावर घाम. हात कोपराखाली भलतीकडंच वळला होता. मी बोंब मारली. ते म्हणाले, "वरडू नको. वार बसला. बराबर बसला."

हाडं बसवणारा आला, त्यानं हात ओढून सरळ केला, लेप लावला आणि बांबूच्या कामट्या बांधल्या. त्याला आप्पांनी सांगितलं, "लेकीनं मोडला." मी म्हटलं, "आप्पा, कशाला सांगता? पडलो म्हना." तर त्यांनी मला हातानं गप्प केलं आणि बाहेर जाऊन तालमीच्या दारातल्या दगडावर बसले. सुट्टीचा दिवस, सगळी पेठ रस्त्यावर, गिरणीतली माणसंही. जाईल तो थांबायचा. वस्तादाचा हात गळ्यात बांधलेला, लहान गोष्ट आहे का ती! विचारलं की आप्पा मोठ्यांदा सांगायचे, "लेकीनं मोडला. एका फटक्यात. गिरणीत जाती ती. सलामीबिलामी काय न्हाय, नुसती उभी राहिली न मोडला." मला वाटलं वेदनेनं त्यांचं डोकं फिरलंय. मी आत बसून रडत होते. ते दुपारभर उन्हात बसून राहिले, पाणी प्यायलासुद्धा आत आले नाहीत. दर खेपेला तेच, तितक्याच मोठ्यांदा. ज्या माणसाला कुणी पाडलेलं पेठेनं कधी बघितलं नव्हतं, तो दगडावर बसून आपला मोडलेला हात सगळ्यांना दाखवत होता.

सोमवारी मी गेले. दांडका फडक्यात होता, पण त्याला हात लावायची वेळ आली नाही. फाटकातच बायका माझ्याकडं बघायला लागल्या, आणि शनिवारसारखं नाही. माझ्या यंत्रापाशी सुताची पेटी आधीच येऊन पडली होती. सूत ना चांगलं ना वाईट, सगळ्यांना असतं तसं. मुकादम त्या दिवशी आमच्या ओळीत आला तेव्हा माझ्या यंत्राला वळसा घालून पलीकडनं गेला, आणि जाताना त्यानं आपला उजवा हात कोटाच्या खिशात घातला. त्यानंतर मी तिथं आयुष्य काढलं. त्यानं मला पुन्हा कधी हाक मारली नाही. शेजारच्या यंत्रावरची बाई काही दिवसांनी हळूच विचारायला आली, "मला नेशील का गं तुझ्या वडलांकडं?"

हात वाकडाच सांधला. पकड गेली. पट्टा त्या हातात पुन्हा बसला नाही. पुढच्या मोहरमला सवारीपुढं दुसराच कोणी खेळला आणि आप्पा दारातनं बघत होते. मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि मला तिकडं बघवत नव्हतं. कसला विजय नि काय! मी सुखानं कामावर जावं म्हणून त्यांनी आपलं सगळं नाव खर्चून टाकलं होतं.

पण ते नंतरचं. त्या सोमवारी संध्याकाळी गिरणी सुटल्यावर मी बोळातनं सरळ आप्पांकडं गेले. चूल पेटवली, भाकरी केली, आमटीत कुस्करली आणि त्यांना घास भरवायला बसले. लहान पोरासारखे तोंड उघडत होते. मी घास द्यायची आणि रडायची. त्यांनी विचारलं, "त्यो बाजूला झाला का?"

"झाला."

ते चावत राहिले. मग म्हणाले, "मनगट ढिलं हुतं तुझं. म्हनून एकच हाड मोडलं."

मी पुढचा घास धरला तर तो त्यांनी घेतला नाही, माझ्याकडं बघत म्हणाले, "उद्या येळेवर ये. डावा हाय की अजून."